डोहावरची रीत

जाऊबाई, काल तुझी तेरवी झाली. पंगत उठली, पत्रावळी उकिरड्यावर गेल्या, पाहुण्यांच्या गाड्या वेशीबाहेर पडल्या. दिवेलागणीला घरच्यांपुरत्या भाकरी थापायला बसले तर उंडा जास्तीचा उरला. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं पीठ कोनासाठी मळलं वो, रखमे?" मी तुझ्या वाटणीचा उंडा परातीत झाकून ठेवला. सासूपुढे एवढी गप्प राहणारी मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण मी थकले आहे.

सहावा महिना सरत आला. पाय असे सुजलेत की जोडवी बोटांत रुतून बसली आहेत. वावरात कापूस फुटला आहे आणि कापूस काही कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही. ओसरीवरच्या सरकी काढायच्या रेच्याशी तुझ्या जागेवर आता मी बसते. सरकी एकीकडे पडते, रुई एकीकडे, आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात तुझ्याशी बोलते. घरच्यांना वाटतं, धाकटी मुकी झाली. मुकी कसली! तुझ्याशी भांडते आहे. तू होतीस तेव्हा भांडण पुरं करायला सवड नव्हती, आता तू नाहीस तर भांडण तेवढं राहिलं आहे.

गावात काय बोलतात ते आधी सांगून टाकते, मागून कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. म्हणतात, मोठीला आसरांनी नेलं. डोहाच्या काठी उंबराखाली शेंदूर फासलेले ते सात दगड, त्या पाण्यातल्या बाया. दोन जिवांच्या बाईवर त्यांचा डोळा असतो, म्हणून पोटुशीनं डोहाकडे फिरकू नये, भरदुपारी तर नाहीच नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. आणि तू मला न्यायचीस ती नेमकी भरदुपारी. माझ्या या दुसऱ्या खेपेला आपण एकदाच गेलो आणि त्याच आठवड्यात तुझं अंग तापलं. मग बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? शेजारची एक तर माझ्या तोंडावर म्हणाली, "लेकराच्या बदल्यात तिले नेलं." मी तिला काय ऐकवलं ते राहू दे.

आत्याबाईंनी तुझा तरंगायचा सुका भोपळा खुंटीवरून काढला आणि गुरांच्या कोठ्यात भिरकावला. मला बजावलं, "आता डोहाचं नाव काढलं तं पाह्य." भोपळा मी गुपचूप आणून धान्याच्या कणगीमागे ठेवला. तो फुटलेला नाही. पण खरं सांगते, मला तो आठवणीसाठी नको होता. मला डोह हवा होता. हे पोट घेऊन दिवसभर वाकून वेचणी करायची, आल्यावर रेचा फिरवायचा, आणि आठवड्यातून एक दुपार पाण्यात उभं राहायला मिळणार नसेल तर हे लेकरू माझ्याच्यानं नवव्यापर्यंत नेववणार नाही, अशी भीती माझ्या पोटात बसली होती. तुझ्या जाण्याचं दुःख आणि ही भीती, दोन्ही एका जागी. कोणतं मोठं ते मला आजही वेगळं करता येत नाही. तू रागावणार नाहीस. तूच म्हणायचीस, जित्याचं आधी पाहावं.

तू या घरात आलीस तेव्हा मळा मळ्यासारखा होता म्हणे. वांगी, मिरच्या, कांदे, बांधावर दुधी भोपळ्याचे वेल. मी आले तोवर कापसाचं वारं सुटलं होतं. सातासमुद्रापार गोऱ्यांच्या कुठल्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, म्हणून आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, असं मामंजी सांगायचे. लढाई कोणाची आणि कशापायी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी वांगी उपटली, वेल उपटले, विहिरीच्या काठापर्यंत कापूस पेरला. पिढीजात माळ्याच्या घरात भाजी विकत आणायची वेळ आली. गाड्या भरभरून अमरावतीच्या बाजाराला जाऊ लागल्या. तिकडून येताना गडी बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्यावर माती पडत असल्याच्या गोष्टी आणायचे. घरात चांदी आली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. आणि बायांच्या कमरेला ओटी आली.

ती ओटी! लुगड्याच्या तुकड्याची झोळी कमरेला बांधायची, वेचलेला कापूस तीत कोंबायचा. ती भरत जाते तशी पुढे ओढते. रिकाम्या पोटाच्या बाईला ते चालतं. ज्या बाईच्या पोटानंच पुढे ओढ घेतली आहे, तिनं कुणीकडे झुकावं? मी यायच्या आदल्या साली तुझं सातव्या महिन्यातलं लेकरू वावरातच गेलं. भरलेली ओटी तेव्हा कमरेला होती. हे मला शेजारणींनी सांगितलं, तू कधी नाही. मी दोनदा विचारलं, तू दोनदा उठून गेलीस. त्या ओटीतला कापूसही गाडीत चढला असेल, कोणी टाकून थोडाच दिला असेल.

मग मला पहिल्यांदा दिवस गेले. पोट दिसू लागलं होतं. आत्याबाई माझ्या कमरेला ओटी बांधत होत्या आणि तू चुलीपुढून, मान वर न करता, म्हणालीस, "आत्याबाई, हिची डोहाची रीत नाई कराची काय?"

"कोनती रीत?"

"घ्या! आमच्या माहेरी, पेढी नदीकाठी तं पोट दिसलं का दर मंगयवारी बाईले डोहात उभी करतेत."

"डोहात? अवो, आसरा धरतीन ना तिले!"

"ज्या लपतेत त्यायले धरतेत. जे सोताहून भेटाले जाते तिचं लेकरू त्या संभायतेत. नाई गेली तं त्याच घरी येतेत इचाराले, सून कावून नाई आली म्हनून."

आत्याबाईंच्या हातातली गाठ तशीच राहिली. आसरा दारात उभ्या आहेत असं त्यांना दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "नारय लागते काय?"

"नारय नाई लागत. सुका भोपया लागते. आन त्या दिशी ओटी बांधाची नाई, रेच्याले हात लावाचा नाई. उंबराची सावली सातव्या दगडावर जाईपरेंत पान्यात राहावं लागते. आन संग जानती बाई पाह्यजे."

"जानती कोन हाय इथं?"

तेव्हा तू पदर सावरलास आणि मोठ्या नाइलाजानं म्हणालीस, "आता या घरात मीच. दुसरं कोन?"

अशी तू दर मंगळवारी दोन बायांची दुपार कापसाच्या तावडीतून सोडवलीस. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी भ्यालेली होते. माझं माहेर कोरड्या गावचं, बार्शीटाकळीच्या पलीकडचं. मी पाणी पाहिलं ते विहिरीच्या पोहऱ्यात. मोर्णा नदीच्या त्या डोहाच्या काठी तू माझ्या काखेखालून दोर घेऊन भोपळा बांधलास, पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसा. तुझ्या माहेरच्या वेलाचा होता, आपले वेल तर केव्हाच उपटले गेले होते. भरदुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. आसरांच्या भीतीनं सारा गाव लांब राहतो, म्हणून तू ती वेळ निवडली होतीस. वरचं पाणी उन्हानं कोमट झालेलं, खालचं गार.

छातीपर्यंत पाणी आलं आणि पोटाचं ओझं गेलं. कसं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. कितीतरी दिवसांनी कंबर माझी मला परत मिळाली. आत लेकरू वळलं, आणि या वेळी ते दुखलं नाही. मी रडायला लागले. तू विचारलंस, "दुखते काय?" मी म्हटलं, "नाई, दुखनं थांबलं म्हनून रडून राहिली." तू हसलीस. मग उताणी झालीस आणि डोळे मिटून पाण्यावर पडून राहिलीस, घरच्या बाजेवर कधी पडली नाहीस अशी निवांत. आपल्या घरातली मोठी सून अशी पडलेली मी तेवढीच पाहिली.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं. तुझं म्हणणं, पाय उचल. माझं म्हणणं, पाय तळाला टेकलेलाच हवा.

"तू तं पान्यासंगही भांडून राहिली, रखमे."

"भांडू नाई तं काय करू? ते मले ढकलून राहिलं."

"ढकलत नाई वो. उचलून राहिलं. जरा उचलू दे. घरी कोनी उचलते काय तुले?"

तरी मी पाय उचलला नाही. भोपळा घट्ट धरायचा, एका अंगठ्यानं तळ धरून ठेवायचा. तू दर मंगळवारी सांगायचीस, मी दर मंगळवारी नाही म्हणायचे. हट्टीपणात आपण दोघी सारख्याच, उगाच नाही एका घरात पडलो.

एकदा शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय घसरला. तोंडात पाणी, नाकात पाणी. भोपळ्यानं वर आणलं म्हणून निभावलं. तू माझा अंबाडा धरून मला काठाला ओढलंस, आणि मी श्वास घेते न घेते तोच गालावर सणसणीत दिलीस. जाऊबाईनं मारलं म्हणून मी चिडून पाहिलं तर तू दोन्ही हातांनी माझं पोट चाचपत होतीस. म्हणालीस, "माहा तं गेला. तुहा जाऊ देईन काय मी?" तेवढंच. त्या लेकराबद्दल तू जन्मात बोललीस ते एवढंच. आपण दोघी ओल्या लुगड्यांनिशी दगडावर बसून रडलो. मग तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "चाल, सावली आली." सावली यायला अजून बराच अवकाश होता. मी लुगडं पिळलं आणि तुझ्यामागे निघाले.

माझी गंगू नीट जन्मली. तुझ्याच हातावर जन्मली, दाई पोचायच्या आधी. आता ती घरभर फिरून "मोठी माय कुठं गेली" म्हणून विचारते, आणि भावजी, तुझे धनी, तिला उचलून गोठ्याकडे घेऊन जातात, त्यांचं तोंड कोणाला दिसू नये म्हणून. तुझी कूस पुन्हा उजवली नाही. तुला माझा हेवा वाटला असेल का? वाटला असेल तर मला तो कधी लागला नाही. मी तुझे आभार मानले का? नाही. जावा-जावांत कोण आभार मानतं! आता मानते आहे तर ऐकायला तू नाहीस.

तापात तू बरळायचीस. शेवटी जरा शुद्धीवर आलीस तेव्हा मी हात धरून बसले होते. मला वाटलं, काही मनातलं सांगशील. तू म्हणालीस, "भोपया सावलीत टांग. कोंदटला तं सडते." मग डोळे मिटलेस. इतकी वर्षं एका चुलीवर राबून शेवटचा शब्द भोपळ्याचा! मला तेव्हा राग आला. आता येत नाही. तू कामाचंच सांगितलंस.

तुझी माय आली ती अमरावतीकडून बैलगाडीत हाडं खिळखिळी करत. डोळ्यांतलं पाणी आटलेली, तुझ्यासारखीच लांब हातांची म्हातारी. विहिरीवर आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, "तुमच्याकडं डोहाची रीत कशी करतेत वो, माय? सगुणाबाई करे तशीच, का अजून काही असते?"

म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. "कोनती रीत?"

मी सांगितली. मंगळवार, भोपळा, सावली, सातवा दगड, सगळं.

"अशी काई रीत नाई पोरी. आमच्याकडं तं पोटुशीले नदीचं पानी भराले बी नाई धाडत. सगुणा लहानपनी पोहे खूप. त्याच्यापायी माहा मार खाये."

दोर माझ्या हातून सुटला आणि पोहरा खाली जाऊन आदळला. आणि बाई, सुतकाच्या घरातली मी, पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. चुलीपुढे बसून, भाकरी उलथता उलथता, तू आख्खी रीत रचलीस! नारळ नको म्हणालीस कारण नारळ म्हटलं की मामंजी खर्च विचारतील. आसरांच्या नावानं घाबरवणाऱ्या बाईला आसरांच्याच नावानं घाबरवलंस. त्यानंतर मला तुझा भयंकर राग आला. मला का नाही सांगितलंस? मी काय चहाडी केली असती? की मीही खरं मानूनच पाण्यात उतरावं, असं तुला वाटलं? हे भांडण आता माझं मलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं. कधी तुझ्या बाजूनं भांडते तेव्हा तू जिंकतेस.

काल पंगत झाल्यावर बाया ओसरीवर टेकल्या होत्या. आत्याबाई तुझ्या मायजवळ सरकल्या. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "इहीनबाई, एक इचारू काय? तुमच्या पेढीकाठची ते डोहाची रीत. सगुणा मने का नाई गेलं तं आसरा घरी येतेत. आता लोक मन्तेत का गेली म्हनूनच नेली. हिले धाडू का नको धाडू? मले काई समजून नाई राहिलं. दुसरं मरन नाई पाहवत मले."

सगळं त्या म्हातारीच्या एका शब्दावर होतं. ती नाही म्हणाली असती तर माझा डोह गेला असता, आणि तू साऱ्या गावात खोटारडी ठरली असतीस, तेही मेल्यावर. ती तुझ्यासारखीच सरळ बाई. आदल्याच दिवशी मला खरं सांगून बसलेली.

म्हातारीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटाकडे. मग सुजलेल्या पायांकडे.

"रीत हाय," ती म्हणाली. "जुनी हाय. माही सासू करे, तिची सासू करे. सगुणा तापानं गेली, इहीनबाई. तापाले आसराचं नाव कावून देता?"

आत्याबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात म्हातारी पुढे म्हणाली, "आन सातवा लागला का बाईनं ओटी बांधूच नाई. लेकरू होईपरेंत. हे सांगतलं नसन तिनं. इसरली असन."

"पुरे तीन मईने?" आत्याबाई ओरडल्याच.

"मंग? आसरा पाहून राहिल्या असतेत ना."

तेव्हा मला कळलं तू कोणावर गेली होतीस. म्हातारी आज पहाटे परतली. जाताना माझ्या पाठीवर तिचा लांब हात फिरला. तीही तुझ्यासारखीच, कामाचं तेवढं बोलते.

आज मंगळवार. मी कणगीमागून भोपळा काढला. जाणती बाई सोबत हवी, म्हणून आत्याबाई निघाल्या. वाटभर त्यांचे ओठ पुटपुटत होते. डोहावर त्यांनी सात दगडांना हळदकुंकू लावलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि उंबराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी एकटी उतरले. छातीपर्यंत पाणी आलं, कंबर सुटली, लेकरू वळलं. तू जिथं उताणी पडायचीस तिथं उन्हाचा नुसता पट्टा होता. मी बराच वेळ अंगठ्यानं तळ धरून उभी राहिले. मग तुझ्याशी भांडायचाच कंटाळा आला, बाई, आणि मी पाय उचलला. तुझं खरं होतं. ते ढकलत नाही.

मान वळवून पाहिलं तर आत्याबाई पाण्यात होत्या. लुगडं गुडघ्यावर धरलेलं, पिंढऱ्यांपर्यंत पाणी. वेचणीनं भेगाळलेली ती पावलं मी एवढ्या वर्षांत नीट पाहिली नव्हती. भीतीनं त्यांचा चेहरा आक्रसलेला होता, मग तो हळूहळू सैल पडला.

"घोट्याले बरं वाटून राहिलं वो," त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत राहिल्या. "माहे चार गेले, रखमे. दोन पोटातच. वावरात निंदाले जायची मी, दिस भरत आले तरी." त्यांनी वर पाहिलं. भांडायला नव्हे, खरंच विचारत होत्या. "आमच्या वक्ती ही रीत कावून नव्हती वो?"

काय सांगू मी त्यांना, बाई? तू असतीस तर उभ्या उभ्या काहीतरी ठोकून दिलं असतंस, आणि त्यांना ते पटलंही असतं. मी काठाकडे आले, काखेतला दोर सोडला आणि भोपळा त्यांच्या हातात दिला.